माझ्या नावाची बंदूक

ऑक्टोबरात एल्कच्या, म्हणजे घोड्याएवढ्या थोरल्या हरणाच्या, शिकारीचा हंगाम उघडला की आमच्या गावातले पुरुष घोड्यांवर सामान लादून डोंगरात जातात, आणि आठवडाभर गावात कुणी कुणाला ‘जेवायला काय आहे’ असं विचारत नाही. बाकीच्या बायका त्या दिवसांत काय करतात मला माहीत नाही. मी सोफा ढकलत ढकलत ओसरीवर नेते आणि पुढच्या खोलीत गोधडीची चौकट लावते. चौकट या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येते. ती लावली की दुसऱ्या माणसाला बसायला सोडाच, उभं राहायलाही जागा उरत नाही. म्हणून ती वर्षातून एकदाच लागते. तेवढे दिवस मी टोस्ट आणि डब्यातले पीच खाते, रेडिओ लावत नाही, आणि टाके घालते. ही गोधडी किती वर्षं चालू आहे ते विचारू नका. ती संपवायची मला घाई नव्हतीच. मला तो आठवडा हवा होता.

तर सप्टेंबरातल्या एका सकाळी अंडी खाता खाता माझा नवरा डेल्बर्ट म्हणाला, "मर्ना, तुला एक बंदूक घेऊ या."

"मला?"

"एकच, पण सगळ्याला चालेल अशी. डबे उडवायला, हरणाला, वेळ पडली तर एल्कलाही."

"एल्क येणारेत का माझ्या अंगणात?"

"तुझं आपलं काहीतरीच. तुझ्या बाबांची ती जुनी बावीसची किती दिवस पुरवणार?"

बाबांच्या त्या बावीसच्या बंदुकीने मी लहानपणी कुंपणावर बसून कुरणातल्या खारी टिपायची. नळीवर नाणं ठेवून बाबा चाप ओढायला लावायचे. नाणं पडलं की त्या दिवशी भांडी माझ्याकडे. मी फार भांडी घासली नाहीत. लग्नानंतर ती बंदूक कपाटात गेली, कारण या घरात शिकार डेल्बर्टची. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. त्याच्या शिकारीच्या जिवावरच माझा आठवडा उभा होता.

आम्ही एमेटच्या दुकानात गेलो. एमेट सत्तरी उलटलेला; निम्म्या दुकानात मासेमारीचे गळ, निम्म्यात बंदुका, आणि मधल्या चिंचोळ्या वाटेत भुसा भरलेलं एक अस्वल. अस्वल आणि डेल्बर्ट यांच्या मधे मी अशी अडकले की वळायचं तर दोघांपैकी एकाला मिठी मारावी लागली असती.

"सगळ्याला चालणारी बंदूक," एमेट म्हणाला, "म्हणजे सासरच्या सगळ्यांना आवडणारी सून. ऐकून आहे पुष्कळ, अजून बघितली नाही."

"पण त्यातल्या त्यात?" डेल्बर्टने विचारलं.

"त्यातल्या त्यात मी निम्म्या गावाला थर्टी-ऑट-सिक्सची बंदूक देतो आणि गप्प बसतो. पण मर्नासाठी म्हणतोस, तर ही सात मिलिमीटरची घे. धक्का कमी, गोळी सरळ. डबे उडवताना खांदा सुजत नाही, म्हणून माणूस सराव करतो. सराव केला की गोळी जागेवर बसते. जागेवर बसली की एल्क पडतो. नाही बसली तर तोफ घेऊन जा, तरी पळतो."

डेल्बर्टने एकदम गळांची एक पेटी उचलली आणि ती वाचायला लागला. गळांच्या पेटीवर वाचण्यासारखं फार नसतं.

"माझा भाऊ हिला बायकापोरांची बंदूक म्हणतो," तो पेटीकडे बघत म्हणाला.

"मग बरोबरच की. बायकोसाठीच घेतोयस ना?"

"हो हो. बायकोसाठीच."

एमेटने दोन बंदुका काढल्या, रिकाम्या आहेत हे दोनदा बघितलं. दोन्ही एकाच जातीच्या. एकीचा खांद्याला टेकवायचा दस्ता आखूड, दुसरीचा लांब. आखूड माझ्या हातात दिली. "डोळे मीट पोरी. खांद्याला लाव. गाल टेकव. हां, आता उघड."

उघडले. बंदुकीवरच्या दुर्बिणीतून समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर ताटासारखं गोल, स्वच्छ दिसलं. मला मजा वाटली, खोटं कशाला बोलू.

"ही बसली," एमेट म्हणाला. "झालं काम."

"लांबवाली पण बघू दे तिला," डेल्बर्ट म्हणाला.

"कशाला?"

"बघू दे ना."

लांबवाली घेतली. हात चापापर्यंत जेमतेम पोचला, मान पुढे ताणावी लागली, आणि दुर्बिणीत अर्धं कॅलेंडर व अर्धा काळोख.

"हीच घेऊ," डेल्बर्ट म्हणाला. "सवय होईल. हळूहळू येईल अंगाला."

"डेल्बर्ट, पन्नाशी उलटली तिची. अजून किती वाढणार आहे ती?"

मी हसले आणि नवऱ्याकडे बघितलं. तो हसत नव्हता. त्याने माझ्या हातातून ती लांब दस्त्याची बंदूक घेतली होती आणि विचार न करता, सवयीने, खांद्याला लावली होती. डोळे मिटले, गाल टेकवला, डोळे उघडले. बंदूक त्याला जुन्या कोटासारखी बसली. त्याच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं, आणि ते सैल झाल्यावर मला कळलं की किती महिने ते आवळलेलं होतं.

गेल्या हंगामात त्याने एका एल्कच्या मादीला जखमी केलं. रक्ताच्या मागाने दिवसभर फिरला, मग बर्फ पडलं आणि माग बुजला. घरी आल्यावर म्हणाला, वाऱ्याने गोळी सरकली. मग उन्हाळ्याच्या तोंडाशी मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याला मागच्या शेतात सराव करताना बघितलं. त्याची तीनशे मॅग्नम बंदूक, वडिलांनी दिलेली; घोड्याने लाथ मारावी असा तिचा धक्का, आणि तो याने जन्मभर खाल्लेला. चाप ओढायच्या आधीच त्याचे डोळे गच्च मिटले, कडू औषध पाजताना मुलाचे मिटतात तसे. डबा जागेवर उभाच राहिला. त्याने आजूबाजूला बघितलं, कुणी पाहिलं का म्हणून. मी पडद्यामागे झाले. आमच्या घरात अशा गोष्टी बोलत नाहीत. त्यांच्या कडेकडेने चालतो.

दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणं म्हणतात ते हेच. फक्त खांदा माझा होता आणि दस्ता त्याच्या मापाचा.

"मर्ना, तूच सांग," एमेट म्हणाला. "दिसतंय का नीट?"

"सगळं दिसतंय," मी म्हणाले.

एमेटने माझ्याकडे बघितलं, मग अस्वलाकडे, जणू त्याचीच साक्ष काढतोय. "या गावात बायका फार बंदुका घेतात बघ," बंदूक गुंडाळता गुंडाळता तो पुटपुटला. "डोंगरात मात्र मला त्या कधी दिसल्या नाहीत."

गाडीत बसल्यावर मी म्हणाले, "तू ने ती वर डोंगरात. मी काही म्हणणार नाही."

"वॉरेन एका माणसाला एकच बंदूक नेऊ देतो. घोड्यांवर ओझं नको म्हणून." वॉरेन म्हणजे त्याचा थोरला भाऊ. वरच्या शिकारीच्या तळावर देवाचं दुसऱ्या क्रमांकावर चालतं, पहिल्यावर वॉरेन.

"मग मॅग्नम ठेव घरी."

त्याने गाडी सुरू केली. मलाही माहीत होतं. वडिलांची बंदूक घरी ठेवून बायकोची घेऊन गेला असता, त्यापेक्षा माझा झगा घालून गेला असता तर लोक कमी हसले असते.

"तू ये ना एकदा वर," बराच रस्ता गेल्यावर तो म्हणाला. "तू आलीस की बंदूक येते. छान असतं वर. हवा चांगली."

"आणि गोधडी?"

"गोधडी कुठे पळून जातेय?"

"बघू," मी म्हणाले. बायको ‘बघू’ म्हणते तेव्हा दार किलकिलं असतं. मला ते दार हवं होतं, बाहेर पडायला.

हंगामाच्या आधीच्या शनिवारी सगळं गाव नेमबाजीच्या मैदानावर जमतं. प्रत्येकाने आपल्या बंदुकीची दुर्बीण तपासून घ्यायची, अग्निशमन दलाच्या लोकांनी मोठ्या पातेल्यात रटरटवलेली चिली, म्हणजे मांस-राजम्याचं तिखट कालवण, खायची, आणि दुसऱ्याच्या नेमाला नावं ठेवायची. तिथे काय दिसतं ते वर्षभर पुरतं. नवऱ्याने बायकोच्या बंदुकीची दुर्बीण लावून दिली तर मात्र कुणी काही म्हणत नाही. ते टायरमध्ये हवा भरून देण्यासारखं. डेल्बर्टचा बेत तोच होता. आपली मॅग्नम त्याने गाडीतच ठेवली होती. ‘तिची दुर्बीण कालच बघितली’ असं तो तीन जणांना न विचारता सांगून आला.

गोळीबार थांबला आणि सगळे निशाण लावायला पुढे गेले. आमचं निशाण घेऊन डेल्बर्टही गेला. तेवढ्यात वॉरेन आमच्या टेबलाशी आला. मी गाडीच्या पलीकडून मफलर काढत होते, त्याला दिसले नाही. त्याने खिशातून एक काडतूस काढलं, माझ्या बंदुकीपाशी मांडून ठेवलेल्या काडतुसांतलं पहिलं उचललं आणि हे तिथे ठेवलं. शेजारच्या टेबलावरच्या दोघांना डोळा मारला. ते तोंडावर हात धरून वळले.

मला कळलं. आत दारू नसलेलं खोटं काडतूस. ही आमच्याकडची जुनी गंमत. बार उडणार म्हणून माणूस चाप ओढतो, बार उडत नाही, धक्का बसत नाही, आणि जो भीतीने आधीच आक्रसतो त्याचं सगळं उघडं पडतं. नळी खाली जाते, डोळे मिटतात, आणि दोष द्यायला वारा नसतो. वॉरेनला माझी फजिती बघायची होती. नवी बाई, नवी बंदूक.

डेल्बर्ट परत आला आणि सरळ खुर्चीवर बसला. "आधी मी लावून देतो हिला," म्हणाला, आणि पहिलं काडतूस आत सरकवलं.

"दे की," वॉरेन म्हणाला. त्याचा चेहरा आणखीच फुलला. कोणीही सापडलं तरी चालत होतं.

मी मफलर हातात धरून उभी राहिले. मी नुसती उभी राहिले असते तरी पुरे होतं. टक् असा आवाज झाला असता, डेल्बर्टची नळी जमिनीत घुसली असती, सगळ्यांना सगळं कळलं असतं. गेल्या वर्षीचा वारा कुठून आला तेही. मग ‘बायकोची बंदूक’ हे सोंग कशाला लागलं असतं? बंदूक त्याची झाली असती, आणि आठवडा माझा. चौकट दाराआड तयार होती. मी निळ्या दोऱ्याची नवी रिळंसुद्धा आणून ठेवली होती.

त्याने गाल टेकवला. टोपीखाली त्याच्या मानेवरचे केस पांढरे झाले आहेत हे मला त्या क्षणी का दिसावं, कोण जाणे.

"ऊठ," मी म्हणाले.

"अगं, आधी मी..."

"माझी आहे ना? मग ऊठ. जन्मभर काय तूच लावून देणार?"

लोक हसले. तो उठला. मी बसले, कानांवर आवाज अडवणारी झापडं चढवली, मान ताणून त्या अर्ध्या काळोखातून निशाण शोधलं. माझा हात स्थिर होता. नाणं ठेवलं असतं तर पडलं नसतं. मी चाप हळूहळू ओढला आणि टक् व्हायच्या क्षणी सगळं अंग झाडलं. डोळे गच्च मिटले, नळी टेबलावर आपटली, आणि वर एक किंकाळीही ठेवून दिली, नीट ऐकू जावी म्हणून.

मैदान खदखदलं. चिलीच्या पातेल्याशी उभ्या असलेल्या बाईचा डाव खाली पडला. वॉरेन गुडघ्यांवर हात ठेवून हसत होता. "अगं मर्ना, बार उडालाच नाही! कशाला घाबरलीस, स्वतःच्या श्वासाला?" त्याने ते खोटं काडतूस काढून तळहातावर सगळ्यांना दाखवलं.

डेल्बर्टने त्या काडतुसाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी कुंपणावर बसून खारी टिपायची हे या मैदानावर त्या एकालाच माहीत होतं. त्याचे कान लाल झाले.

"अशी बाई एकटीदुकटी रानात सोडायची नाही," वॉरेन म्हणाला. "हिला वर घेऊन ये. माझ्या नजरेसमोर शिकेल."

अजूनही डेल्बर्टला बोलता आलं असतं. तो बुटाच्या टोकाने माती उकरत होता. "येशील?" त्याने विचारलं, इतक्या हळू की झापडं काढली नसती तर ऐकूच आलं नसतं.

"येते," मी म्हणाले.

न उडालेल्या गोळीने माझा आठवडा पडला तो असा.

वरच्या तळाबद्दल फार सांगत नाही. दोन तंबू, एक शेगडी, आणि पहिल्या दिवसापासून बर्फ. तंबूच्या दोरीवर बाप्यांचे ओले मोजे माझ्या नाकाच्या रेषेत टांगलेले. बाई आहे म्हटल्यावर सगळ्यांना सकाळी पॅनकेक खायची आठवण झाली, इतकी वर्षं हे लोक काय खात होते विचारलं तर म्हणे, "डब्यातले बीन्स. पण तू आहेस तर..." मी कापडाच्या चार भिंतींत बसून पीठ घोटत होते आणि माझ्या पुढच्या खोलीत सोफा ऐटीत आपल्या जागी बसला होता. पळून जायचं तर घोडा वॉरेनचा, वाट बर्फाखाली.

रोज सकाळी डेल्बर्ट आणि मी निघायचो. तळ दिसेनासा होईपर्यंत त्याच्या खांद्यावर मॅग्नम, माझ्या खांद्यावर माझी. मग एका मोठ्या स्प्रूसच्या झाडाच्या आडोशाला तो थांबायचा. न बोलता हात पुढे करायचा. मी माझी द्यायची, त्याची घ्यायची. परतताना त्याच झाडाशी पुन्हा बदल. लग्नात अंगठ्या बदलतानाही आम्ही एवढे गंभीर नव्हतो. मॅग्नम जड होती आणि दिवसभर तिला बाळासारखं सांभाळणं माझ्याकडे.

चौथ्या की पाचव्या दिवशी, बर्फ थांबल्यावर, पलीकडच्या उतारावर एक मादी येऊन उभी राहिली. एकटीच. डेल्बर्टने पडलेल्या खोडावर बंदूक टेकवली. मी तिच्याकडे बघितलंच नाही. मी त्याच्या डोळ्यांकडे बघत होते. ते उघडे होते. बार उडाला तेव्हाही उघडे होते, आणि नंतर बराच वेळ, मादी जागेवर पडून शांत झाली तरी, तो ते मिटेना.

"मी डोळे उघडे ठेवले," तो म्हणाला.

"बघितलं मी."

"गेल्या वर्षी..."

"माहीत आहे."

"तुला माहीत होतं?"

"खिडकीला पडदा आहे, डेल्बर्ट. भिंत नाही."

त्याने हातमोज्याने नाक पुसलं. मग आम्ही दोघं खाली उतरलो आणि कामाला लागलो, कारण एवढं मोठं जनावर पडल्यावर गप्पांना वेळ नसतो.

तळावर त्याने सांगितलं की योगायोगाने मर्नाची बंदूक हातात होती. ती दमली होती म्हणून त्याने धरली होती. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. वॉरेनने ती बंदूक उचलून वजन अजमावलं, ‘बायकापोरांची असली तरी वाईट नाही’ म्हणाला, आणि तंबूच्या मधल्या खांबात एक खिळा ठोकला. त्या खांबावर प्रत्येकाचा खिळा असतो, ज्याचा त्याचा कॉफीचा मग अडकवायला. त्यांच्या वडिलांचा अजून आहे. "हा तुझा," तो मला म्हणाला. "आता दर वर्षी." त्याने ते इतक्या प्रेमाने म्हटलं की मला माझा मग तिथे अडकवावाच लागला.

गाडीतून डोंगर उतरताना मी खिडकीची काच पुसली. मग म्हणाले, "त्या बंदुकीचा दस्ता इंचभर कापून दे मला."

डेल्बर्टला कळलं. दस्ता कापला की बंदूक खरंच माझी. मग पुढच्या वर्षी त्याला आपली मॅग्नम खांद्याला लावावी लागणार, नाहीतर स्वतःच्या नावाने एक सात मिलिमीटर घेऊन वॉरेनसमोर उभं राहावं लागणार. पूल आला, गेला. धान्याचं कोठार आलं, गेलं.

"एक वर्ष थांब," तो म्हणाला.

एक वर्ष म्हणजे किती, ते माझ्या गोधडीला विचारावं.

घरी आल्यावर मी आंघोळ केली आणि झोपले. सकाळी उठून बघते तर पुढची खोली रिकामी. डेल्बर्टने सोफा एकट्याने ओसरीवर नेला होता, दाराची चौकट थोडी खरचटली होती, आणि माझी चौकट भिंतीपासून भिंतीपर्यंत लागली होती. उलटी लावली होती, पण लावली होती. तो स्वतः बाहेर त्याच सोफ्यावर, टोपी आणि जाड कोट घालून, गुडघ्यांवर माझ्या नावाची बंदूक आडवी घेऊन तिला तेल लावत बसला होता. ओसरीच्या कडेला बर्फ.

मी चौकट सुलटी केली, निळा दोरा ओवला. चार टाके घातले असतील. खिडकीवर टकटक झाली.

"काय?"

काचेला नाक लावून तो म्हणाला, "काही नाही. तू कर तुझं." मग थोड्या वेळाने पुन्हा टकटक. "मर्ना, जेवायला काय आहे?"

"डब्यातले पीच," मी म्हणाले.

तो तिथेच उभा राहिला, काचेवर त्याच्या श्वासाचा गोल मोठा होत गेला आणि त्यात तो हळूहळू दिसेनासा झाला. मी टाका ओढला. बाहेर सोफा करकरला. तो पुन्हा बसला होता, कुठे जाणार बिचारा. मीही.